वैमानिकाचें वेतन

अमेरिकेंतील एखादा वैमानिक वीस वर्षें एकाच कंपनीचीं विमानें चालवितो. शेंकडों उतारूंचे प्राण रोज त्याच्या हातीं असतात. वेतन अपुरें वाटलें म्हणून त्यानें दुसऱ्या मोठ्या कंपनीची वाट धरली, तर तेथें ज्येष्ठतेच्या यादींत त्याला अगदीं शेवटचा क्रमांक मिळतो. कप्तानाचें पद जातें, आणि सहवैमानिकाचें पहिल्या वर्षाचें वेतन पदरीं पडतें. वीस वर्षें घर चालविलेल्या गृहिणीनें परक्या उंबरठ्यावर नव्या सुनेसारखें उभें राहावें, तशांतलाच हा प्रकार !

ज्याला सोडून जाण्याची भीति घालतां येत नाहीं, त्या एकट्याचें मालक कशाला ऐकेल ? म्हणूनच १९३१ सालीं वैमानिकांनीं आपला संघ स्थापिला. परंतु संघालाहि मनास येईल तेव्हां संप करतां येत नाहीं. रेल्वेकरितां १९२६ मध्यें झालेला कायदा १९३६ पासून विमान कंपन्यांस लागू झाला. सरकारी मध्यस्थ मंडळानें मोकळीक दिल्यावांचून संपास हात घालणें त्यामुळें अशक्य झालें. वाटाघाटी वर्षानुवर्षें रेंगाळूं शकतात. मग खरें बळ उरतें तें एकच : बदली माणूस मिळणें किती कठीण आहे, हें.

२००१ नंतरच्या पडत्या काळांत बदली माणसें विपुल होतीं. २००४ सालीं डेल्टा कंपनीच्या वैमानिकांनीं साडेबत्तीस टक्के वेतनकपात मान्य केली. २००५ मध्यें युनायटेड कंपनीनें निवृत्तिवेतनाचा भार सरकारी विमा-संस्थेवर टाकला, आणि कित्येक वैमानिकांना कबूल रकमेहून पुष्कळच कमी मिळालें. त्यांचें कौशल्य मात्र रतिभरहि घटलेलें नव्हतें.

पुढें पारडें फिरलें, तेंहि एका अपघातानें. फेब्रुवारी १९०९ नव्हे, २००९ मध्यें बफेलो शहराजवळ एका लहान कंपनीचें विमान कोसळून ५० माणसें दगावलीं. चौकशींत सहवैमानिकेचें तुटपुंजें वेतन व तिचा कामापूर्वींचा रात्रीचा दूरचा प्रवास उघड झाला, आणि लोक हळहळले. त्यानंतरच्या कायद्यानें २०१३ पासून सहवैमानिकासहि सामान्यतः १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरला. पूर्वीं २५० तास पुरत. मौज अशी कीं, त्या अपघातांतील दोघांपाशींहि १५०० हून अधिक तास होते ! नियमानें सुरक्षितता किती वाढली याविषयीं वाद आहे. परंतु या धंद्याचें दार अरुंद झालें, हें निश्चित.

त्यांत २०२० ची महामारी आली. कंपन्यांनीं पैसे देऊन वडील वैमानिकांना घरीं बसविलें. एकट्या डेल्टांतून सुमारे १८०० गेले. उतारू अपेक्षेपेक्षां लवकर परतले, आणि माणसें अपुरीं पडलीं. २०२२ मध्यें अमेरिकन कंपनीच्या दुय्यम शाखांनीं नवख्या सहवैमानिकास तासाला ९० डॉलर देऊं केले. २०२३ च्या करारानें डेल्टाच्या वैमानिकांचें वेतन चार वर्षांत ३४ टक्के वाढावयाचें ठरलें.

२०२४ मध्यें नवीं विमानें वेळेवर मिळेनात, भरती मंदावली, आणि अडचणींत सांपडलेल्या स्पिरिट कंपनीनें आपले कांहीं वैमानिक घरीं बसविले. ते दुसरीकडे गेले, तर त्यांचा क्रमांक पुन्हा शेवटून पहिला !