फॅशनमधील अतिशयोक्ती
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहीजणींना हसू आले असेल. पॅरिसच्या फॅशन-प्रदर्शनांत कधीकधी असे पोशाख येतात, की हे अंगात घालायचे की दिवाणखान्यात मांडून ठेवायचे, असा प्रश्न पडावा. त्यांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु या अतिशयोक्तीमागे काही विचार असतो काय, तेवढे आज आपण पाहू.

अतिशयोक्ती काही आजची नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारातील स्त्रिया कमरेच्या दोन्ही बाजूंना सांगाडे बांधून घागरा आडवा फुगवीत. 1856 च्या सुमारास पोलादी कड्यांचा पिंजरा आला. 1870 नंतर तो फुगवटा पाठीमागे सरकला. 1947 साली ख्रिश्चन दिओर यांनी कंबर आवळून नितंबांवर पुन्हा गाद्या बसविल्या. महायुद्धातील कापडाची टंचाई लोक अजून विसरले नव्हते. त्या लांब, घेरदार घागऱ्यांविरुद्ध अमेरिकेत काही स्त्रियांनी निषेधही केला. तऱ्हा बदलत गेल्या, पण कल्पना फिरून फिरून तीच: कंबर बारीक दिसली पाहिजे. ती तशीच का दिसावी, हे मात्र फारसे कोणी विचारीत नव्हते.

तो प्रश्न एका जपानी बाईंनी कापडातून विचारला. त्यांचे नाव रेई कावाकुबो. शिवणकलेचे रीतसर शिक्षण नसताना त्यांनी 1969 साली टोकियोत ‘कॉम दे गार्सों’ या नावाने कपडे करावयास आरंभ केला. ऑक्टोबर 1996 मध्ये पॅरिसला त्यांनी पुढील वसंत ऋतूचे पोशाख दाखविले. साधे, चौकड्यांचे, ताणले जाणारे कापड. आणि त्याच्या आत पिसांच्या उश्या! पण कोठे? एका खांद्यावर, पाठीवर, पोटावर, एकाच कुशीवर. कुणाला कुबड आठवले, कुणाला गाठी. पुष्कळांना ते किळसवाणे वाटले.

वास्तविक गादी तीच, दोन शतकांची जुनी. ती ठरलेल्या जागी होती तोवर सौंदर्य, आणि जागा बदलताच विद्रूपता! माझ्या मते यातच त्या पोशाखांचे सार आहे.

1997 मध्ये अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या नर्तकांनी याच कल्पनेचे पोशाख घालून नृत्य केले. पुढे 2012 साली कावाकुबोंनी अगदी उलट टोक गाठले: कागदी बाहुलीच्या कपड्यांसारखे सपाट पोशाख केले. फुगवटा असो वा सपाटपणा, अंगाचा आकार कोणी ठरवायचा, हाच त्यांचा ध्यास. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरविले.

हे पोशाख आपण घालावेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण वाढत्या वयाच्या मुलीला “तू फार जाड”, “तुझे खांदे पुरुषी” असे आपणच घरात सहज बोलून जातो. ते शब्द ती वर्षानुवर्षे बाळगते. तसे बोलण्यापूर्वी, ज्या मापाने आपण तिला मोजतो ते माप कोणाचे, एवढा विचार प्रत्येकीने करावा. बाळंतपणाने सैलावलेले पोट आणि कामाने वाकलेली पाठ यांत लाज वाटण्याजोगे काही नाही.