हवेचा हिशेब आणि जनतेचा विश्वास



इरई आणि झरपट या नद्यांच्या सान्निध्यात, गोंड राजांनी परकोटाने वेढलेल्या या चंद्रपूर नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. कोळशाच्या खाणी व २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र उशाशी घेऊन राहणारे, आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर नोंदविलेले हे शहर आपणांस पाचारण करते, ते निव्वळ आतिथ्याच्या हौसेने नव्हे. येथील वीज दूरदूरच्या घरांत जाते. राख मात्र येथेच राहते.

अडीच मायक्रोमीटरहून लहान कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत उतरतात व हृदयासही पीडा देतात, हे शास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. संशय उरला आहे तो सांगणाऱ्याविषयी, आणि तो अकारण नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके पाच दिवस ठाण मांडून बसले, सुमारे ४,००० माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली, आणि पुढील महिन्यांतही मृत्यू चढेच राहिले, तेव्हा सरकारी दप्तराने ते इन्फ्लुएन्झाच्या खाती जमा केले. उत्तरकालीन संशोधकांनी त्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा बळींची संख्या १२,००० च्या घरात असावी असे अनुमान निघाले. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला खरा, परंतु ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना खरे कारण वेळेवर कळण्याचा हक्क होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १५ ची. तेव्हा फलकावर हवा ‘समाधानकारक’ असल्याचे झळकले, तरी दमेकरी मुलाच्या आईने त्यावर कितपत विसंबावे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. उलट, प्रत्येक खोकल्याचे मूळ चिमणीत शोधणारा उत्साही कार्यकर्ताही तिची दिशाभूलच करतो.

म्हणून विद्वज्जनांस माझी कळकळीची विनंती आहे की, मोजणी कोठे व केव्हा केली, निष्कर्ष कितपत पक्का आणि कोठे कच्चा, हे आज सायंकाळच्या खुल्या सत्रात त्यांनी सुबोध मराठीत सांगावे. दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूर येथील रहिवासी त्यासाठीच आले आहेत, आणि त्यांच्या प्रश्नांकरिता समितीने कार्यक्रमपत्रिकेत दोन तास राखून ठेवले आहेत. अध्यक्षमहोदयांनी आता कामकाज हाती घ्यावे.