एका गेजचा फरक

सोलापूरची चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्यांची कीर्ती सांगायला रेडिओ नको. पण टॉवेलच्या जुन्या मागावर डॉबी या यंत्रणेला साथ देणाऱ्या स्प्रिंगांचं नाव कोणी घेत नाही. अशा मागावर ताण्याच्या धाग्यांची चौकट डॉबी फक्त उचलते. तिला खाली ओढायचं काम स्प्रिंगचं. धोट्याच्या मिनिटाला 120 फेऱ्या धरल्या आणि चौकट एकाआड एक फेरीला उचलली, तर आठ तासांच्या पाळीत स्प्रिंग 28,800 वेळा ताणली जाते. कधीतरी ती तुटणारच, आणि बहुधा टोकाच्या आकड्याशीच. मग चौकट तिरकी होते, धागे अधांतरी राहतात, धोटा अडतो आणि माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या नावानं हाका सुरू होतात.

मूळ सुटा भाग मिळेनासा झाला, की स्प्रिंग हातानं वळायची.

त्यासाठी पियानो वायर लागते. साधी बांधकामाची तार एकदा ताणली की तशीच राहते. तार ज्या सळईवर गुंडाळायची, ती स्प्रिंगच्या आतल्या व्यासापेक्षा बारीक घ्यावी लागते, कारण हात सोडताच वेढे थोडे उलगडून फुगतात. लाकडाच्या दोन ठोकळ्यांत तार दाबून धरायची आणि सळई बसवलेलं लेथ अगदी सावकाश फिरवायचं. शेवटी टोक एकदम सोडलं तर ते चाबकासारखं अंगावर येतं. आकडे वळवून झाले की अडीचशे अंशांच्या आसपास अर्धा तास शेक द्यायचा, म्हणजे वळताना तारेत साठलेला ताण निवतो. घाईत लालबुंद तापवली, तर मेहनत वाया. स्प्रिंग मऊ पडते.

जितका ताण तितकं बळ, हे रॉबर्ट हूकनं 1678 मध्ये उघड केलं. त्याआधी दोन वर्षं त्यानं ते अक्षरांची उलटापालट करून दडवून ठेवलं होतं! मागवाल्याला मात्र त्याहून कामाचा हिशेब वेगळाच आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. 19 गेजची तार 1.016 मिलिमीटर, 18 गेजची 1.219. डोळ्यांना फरक जाणवतही नाही. पण वेढे आणि व्यास तेच ठेवले, तर स्प्रिंग दुपटीहून कडक होते. चौकटीच्या एका बाजूला अशी स्प्रिंग लावली, तर ती तुटलेलीच बरी म्हणायची.

म्हणून कारागिराकडे जाताना नुसता तुटका तुकडा नेऊ नका. दुसऱ्या बाजूची शाबूत स्प्रिंगही न्या, आणि तारेची जाडी मायक्रोमीटरनंच मोजून घ्या.