विसर पडलेल्या माणसाची सोय

मंडळी, आपल्या गोरेगावात म्हणतात, ‘म्हाताऱ्याला म्हातारचळ लागला.’ तसे नव्हे. हा मेंदूचा रोग, स्मृतिभ्रंश. आधी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात दाखवू. थायरॉईडमुळे किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी झाल्याने पडलेला विसर औषधाने सुधारू शकतो.

पुढे घरी निभेना, तर सांभाळगृह पाहू. अशी घरे पुण्या-मुंबईकडे आहेत. आधी स्वतः जाऊ. रात्री कोण असते? माणूस बाहेर भटकला तर? औषधाचे, धुण्याचे पैसे वेगळे का? अनामत परत मिळते का? सारे लिहून घेऊ. अंगठा नको, वाचून सही करू.

सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर दवाखान्यातला उपचार मिळतो, सांभाळगृहाचा खर्च नाही. तो भावाबहिणींनी वाटून घेऊ. शेत विकण्याआधी ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या फोनवर फुकट विचारू.

बाप आपल्याला विसरला, तरी आपण त्याला भेटायला जात राहू.