बेचिराख नगराचा भूगोल : भीमाकाठचे फिरोजाबाद



हैदराबाद संस्थानच्या महसुली दप्तरात ‘बेचिराख’ हा शब्द रुळलेला होता. ज्या गावी दिवा लागत नाही, ते बेचिराख. वस्ती उठली तरी अशा गावाचे नाव व शीव दप्तरात कायम राहते आणि जनगणनेतही त्याची निर्जन गाव म्हणून नोंद होते. बीदर व कलबुर्गी हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात मोडत असत. याच मुलखात एक संपूर्ण नगर बेचिराख झाले. त्याची हकीकत उद्बोधक आहे.

कलबुर्गीच्या दक्षिणेस सुमारे २७ किलोमीटरवर, भीमेच्या पूर्व तीरावर फिरोजाबादचे अवशेष पसरलेले आहेत. फिरोजशहा बहमनी १३९७ मध्ये गादीवर आला व १४०० च्या सुमारास त्याने हे नगर वसविले. जागेची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. पश्चिमेस नदीचे पात्र आणि उरलेल्या तिन्ही बाजूंस भक्कम तट व कमानदार दरवाजे, अशी त्याची रचना आहे. आत जामी मशीद, राजवाडा व हमामखाने यांचे अवशेष दृष्टीस पडतात. पाणी नदीचे, धान्य भोवतालच्या काळ्या जमिनीचे आणि दक्षिणेस विजयनगरवरील मोहिमांचा मार्ग, अशी सर्व अनुकूलता येथे होती.

तरीही नगर टिकले नाही. १४२२ मध्ये फिरोजशहाचा भाऊ अहमदशहा सत्तेवर आला व पुढे त्याने राजधानी बीदरच्या उंच, जांभ्या दगडाच्या पठारावर नेली. भीमा आटली नाही, जमीनही नापीक झाली नाही. नगराला पोसणारा दरबार तेवढा उठला.

येथे तुलना करणे उचित ठरेल. तोच दरबार कलबुर्गीनेही गमावला. परंतु ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यामुळे तेथे यात्रेकरूंची रीघ कायम राहिली. बीदरचे राज्य १६१९ मध्ये विजापूरने खालसा केले. तथापि बिदरी कारागिरांची हत्यारे थांबली नाहीत. फिरोजाबादला राजाच्या मर्जीवाचून दुसरा आधार नव्हता. अनुकूल भूगोल गावाला जागा देतो. गाव नांदते ते लोकांच्या उदीम-व्यवसायाने व श्रद्धेने.

निर्जन स्थळाची आणखी एक अडचण आहे. जेथे वस्ती नाही, तेथे राखणदार नाही. तटाच्या आत नांगर फिरतो. चिरा निखळला तर तो पुन्हा बसविणारे कोणी नसते. अशा स्थळांची मोजणी, नकाशे व छायाचित्रे वेळीच तयार होणे अगत्याचे आहे. त्याचबरोबर शेजारच्या शेतकऱ्यास त्या दगडांचे मोल पटवून दिले पाहिजे, कारण ओस नगराचा रोजचा सोबती तोच असतो. दिवा विझला तरी नाव पुसले जाऊ नये, एवढे करणे आजच्या पिढीच्या हाती आहे.