वाढ नाकारावी, भाडे नाकारू नये



वसंत व्याख्यानमालेत वेदान्तापासून विज्ञानापर्यंत सर्व विषय येऊन जातात. त्या मानाने आमचा आजचा विषय फारच घरगुती आहे. घरमालकाने पूर्वसूचनेवाचून भाडे वाढवले तर भाडेकरूने काय करावे, एवढाच तो प्रश्न. परंतु ज्याच्यावर हा प्रसंग येतो, त्याची त्या रात्रीची झोप मात्र वेदान्ताने परत येत नाही.

प्रथम एक हकीकत सांगतो. 2009 साली आम्ही एका जुन्या वाड्यात राहत होतो. भाडे दरमहा दोन हजार रुपये. एका महिन्याच्या अखेरीस, दिवेलागणीला, मालक जिन्यात भेटले आणि म्हणाले, "मास्तर, महागाई फार झाली हो. पहिलीपासून दोनाचे तीन करू." कागद नाही, कारण नाही, मुदत नाही. वाड्यातल्या तिन्ही बिऱ्हाडांना त्याच जिन्यात हाच निरोप मिळाला.

तिघांनी तीन वाटा धरल्या. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी वाद नको म्हणून निमूटपणे तीन हजार दिले आणि पावतीही मागितली नाही. दुसऱ्या बिऱ्हाडाने रागाच्या भरात भाडे देणेच बंद केले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. त्यांनी मालकांना चार ओळींचे पत्र लिहिले, दोन हजारांवर स्वतः होऊन ऐंशी रुपये अधिक घातले आणि ती रक्कम दरमहा मनिऑर्डरने पाठवू लागल्या. प्रत्येक पावती त्या वहीत डकवीत.

पुढे काय झाले? तळमजल्यावरच्यांकडे वर्षभराने पुन्हा वाढीची मागणी आली. "तीन हजार तर तुम्ही आपखुशीने देत होता," हे उत्तर त्यांना ऐकावे लागले. दुसऱ्या बिऱ्हाडाला नऊ महिन्यांनी थकबाकीची नोटीस आली आणि घर जाण्याची पाळी आली. ते दुसरे बिऱ्हाड आमचेच. नऊ महिन्यांचे अठरा हजार एकदम उभे करण्यासाठी आमच्या कुटुंबाच्या बांगड्या सोनाराकडे गेल्या. वकिलांनी आम्हांला विचारले, "वाढ अन्यायाची होती हे खरे, पण मूळचे दोन हजार का अडवून ठेवलेत?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. वरच्या बाईंच्या वाट्याला मात्र नोटीस आली नाही, कारण त्यांच्याकडे थकबाकीच नव्हती.

आता या बाईंना ऐंशीचा आकडा कोठून सुचला, ते पाहू. आपल्याकडे घरभाड्यावर कायद्याचा अंकुश आजचा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1918 साली, मुंबईत त्याची सुरुवात झाली. पुढे 1947 चा मुंबईचा भाडे कायदा आला. मराठवाड्यात हैदराबादचा आणि विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा, असे वेगळे नियम होते. हे सारे एकत्र करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 झाला आणि तो 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याच्या 11 व्या कलमाने घरमालकाला भाड्यात दर वर्षी चार टक्के वाढ करण्याचा हक्क दिला आहे. दोन हजारांचे चार टक्के म्हणजे ऐंशी. करांचा वाढीव बोजा किंवा भाडेकरूंच्या संमतीने केलेली मोठी सुधारणा यांसाठी वेगळी तरतूद आहे. परंतु "महागाई झाली" या एका वाक्यावर दोनाचे तीन होत नाहीत.

हा कायदा निव्वळ भाडेकरूंच्या कनवाळूपणातून निघाला, असेही समजू नये. जुन्या कायद्याने भाडी 1940 सालच्या पातळीवर बांधून ठेवली होती. ही गोठलेली भाडी काळाच्या ओघात अन्याय्य झाली आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये दिला. ज्या मालकिणीला साऱ्या वाड्याच्या भाड्यातून कौलेही शेकारता येत नाहीत, तिचे गाऱ्हाणे खोटे कसे म्हणावे? म्हणून आमचे म्हणणे असे की, कायद्याची चार टक्के वाढ मागितली गेली तर ती मोकळ्या मनाने द्यावी. हक्काचे देणाऱ्यालाच हक्काबाहेरचे नाकारण्याचा अधिकार शोभतो.

मग तोंडी निरोप आला तर करावे काय? जिन्यात हो म्हणू नये आणि भांडूही नये. "आपण हे लेखी द्या, म्हणजे विचार करून कळवतो," एवढेच म्हणावे. नंतर घरी येऊन करारनामा काढावा. वाढ केव्हा आणि किती, हे त्यात लिहिले असेल तर आपली सही आपल्याला बांधते. लिहिले नसेल तर मालकांना साधे पत्र पाठवावे: आजचे भाडे इतके, आपण मागितलेली वाढ इतकी, तिचा आधार कळवावा, तोपर्यंत कायदेशीर भाडे नियमित देत राहीन. पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे आणि त्याची नक्कल जपावी.

भाडे मात्र ठरल्या तारखेला गेलेच पाहिजे. आता बँकेतून पैसे पाठवणे सोपे झाले आहे, त्याची नोंद आपोआप राहते. रोख द्यायचेच तर पावती घ्यावी. पावती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. मालकाने रक्कम परत केली तर ती खर्चून टाकू नये, बाजूला ठेवावी. पुढे न्यायालयात हीच रक्कम आपली साक्षीदार होते.

आमच्यासारखी चूक कोणाकडून झालीच, तर 15 वे कलम ध्यानात ठेवावे. थकबाकीसाठी ताबा मागण्यापूर्वी मालकाने लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. जुन्या कायद्यात ही मुदत एका महिन्याची होती. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत कायदेशीर भाडे, त्यावर पंधरा टक्के व्याज आणि खर्च न्यायालयात भरल्यास त्या थकबाकीपायी घर जात नाही. आम्ही नोटिशीच्याच मुदतीत भरले म्हणून वाचलो. परंतु ही दोरी बुडत्यासाठी आहे, पोहणाऱ्याने तिच्या भरवशावर खोल पाण्यात जाऊ नये.

वाढ नाकारली म्हणून कोणी नळ किंवा वीज तोडली, तर 29 व्या कलमाखाली न्यायालयाकडे दाद मागता येते. मुंबईत यासाठी लघुवाद न्यायालय आहे. इतरत्र लघुवाद न्यायालय नसेल तेथे दिवाणी न्यायाधीशांकडे जावे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची पायरी चढावी. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते.

तरुण मंडळी म्हणतील, "आम्ही अकरा महिन्यांच्या परवान्यावर राहतो, आमचे काय?" त्यांची स्थिती वेगळी आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मुदतीच्या आत कराराबाहेरची वाढ त्यांच्यावरही लादता येत नाही. परंतु मुदत संपल्यावर राहण्याचा हक्क उरत नाही, आणि हटून राहिल्यास दुप्पट शुल्काची भरपाई अंगावर येते. म्हणून त्यांनी पुढच्या कराराची बोलणी दोन महिने आधीच सुरू करावी. करार नोंदवलेला असल्याची खात्रीही करावी. 55 व्या कलमाप्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लेखी नोंदलेला करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

असो. आमच्या वाड्यातल्या तिघांत कायदा शिकलेले कोणीच नव्हते. बाईंजवळ होते ते एक पेन, एक वही आणि पहिल्या तारखेचा नेम. त्या आम्हांला एकदा म्हणाल्या होत्या, "मास्तर, राग मलाही आला होता. पण राग वहीत डकवता येत नाही."

आम्ही त्या दिवसापासून वही घातली. आपणही घरी गेल्यावर आपल्या पावत्या कोठे आहेत, तेवढे आज रात्री पाहून ठेवावे, ही विनंती करून आपली रजा घेतो.