अवजड शीतयंत्रांची साठवण, पारख आणि उचल
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज बर्फाच्या कारखान्यांत व शीतगृहांत नोकरीस आहेत. काहींनी यंत्रे बसविण्याची कंत्राटेही घेतली आहेत. म्हणून त्यांच्या नित्याच्या कामातील चार व्यावहारिक गोष्टी आपणापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिली गोष्ट साठवणीची. इमारत पुरी होण्यापूर्वीच यंत्र येते आणि महिनोन् महिने आवारात पडून राहते. ‘नुसते उभे आहे, त्याला काय होणार?’ ही समजूत घातक होय. यंत्र सपाट, भक्कम जागी लाकडी ओंडक्यांवर ठेवावे. वर ताडपत्री घालावी, परंतु खालून वारा खेळता ठेवावा. अन्यथा पावसाळ्यात आतल्या आत ओल धरून गंज चढतो. पुष्कळ यंत्रे कोरडा नायट्रोजन वायू दाबाने भरून पाठविलेली असतात. गेजवरील दाब आणि त्या वेळचे तापमान वहीत नोंदवीत जावे. तापमान तेच असून दाब उतरला, तर गळती आहे असे समजावे. आत शिरलेली ओल पुढे शीतक द्रव्य व तेल यांच्याशी मिळून आम्ल निर्माण करते आणि यंत्र आतून खाल्ले जाते. हा वायू बंद खोलीत मात्र कधीही सोडू नये. त्यास रंग नाही, वास नाही. माणूस कोसळेपर्यंत त्याची चाहूल लागत नाही.

दुसरी गोष्ट पारखीची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमाने उचलण्याची साधने निदान १२ महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासून घेण्याचा दंडक घातला. तो किमान होय. तारदोराच्या तुटलेल्या तारा, पीळ, हुकाचे फाकलेले तोंड हे प्रत्येक उचलीपूर्वी पाहावे. बाद ठरलेला दोर कापूनच टाकावा; नुसता कोपऱ्यात टाकलेला दोर घाईच्या दिवशी कोणीतरी पुन्हा उचलतो.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष उचलीची. यंत्राचे वजन आणि दोरावरील ताण एकच नव्हेत. ४ टनांचे यंत्र दोन उभ्या दोरांनी उचलले, तर प्रत्येकावर २ टन ताण येतो. तेच दोर वर एका हुकात आणून जमिनीशी ६० अंशांचा कोन केला, तर ताण सुमारे २.३ टन होतो. ४५ अंशांत २.८ टन, आणि ३० अंशांत प्रत्येक दोरावर पुरे ४ टन! शिवाय आत ५०० लिटर पाणी राहिले असेल, तर अर्धा टन भार वाढला. यंत्र केवळ त्यासाठी ठेवलेल्या कड्यांतून उचलावे, नळांना दोर बांधू नये. प्रथम वीतभर उचलून थांबावे आणि तोल पाहावा. इशारा एकानेच द्यावा, आणि भाराखाली कोणीही जाऊ नये.

शेवटची गोष्ट आमच्या कंत्राटदार बंधूंसाठी. दोर धरणारा खलाशी आपल्या ज्ञातीचा असो वा नसो, तो ‘थांबा’ म्हणाला की काम थांबले पाहिजे, आणि त्यासाठी त्याची रोजी कापली जाता कामा नये. मोडलेल्या यंत्राची भरपाई विम्यातून होईल. घरचा कर्ता पुरुष विम्याने परत येत नाही. भगिनींनीही घरच्या माणसास, ‘आज दोर पाहिलास का?’ एवढे अवश्य विचारावे.